वाइन शिकायचीय, पण सुरुवात कुठून? परमिटपासून परीक्षेपर्यंतचा माझा अनुभव

मागच्या काही महिन्यांत ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं, की तू ते वाइनचं शिकलीस म्हणजे नक्की काय केलंस, किती पैसे गेले, घरी काय सांगितलंस, आणि आम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही तर आम्ही कुठून सुरू करायचं. प्रत्येकाला फोनवर सांगताना काहीतरी राहून जातंच, म्हणून झालं तसं क्रमाने लिहून ठेवतेय. मी पुण्यात राहते, नोकरी अकाउंट्समधली, हॉटेल लाइनशी काडीचा संबंध नाही. वाइन म्हणजे लाल आणि पांढरी एवढंच मला माहीत होतं. गोव्याहून कोणीतरी आणलेली गोड पोर्ट एक-दोनदा चाखली होती, आपल्याकडे बऱ्याच घरांत पहिली ओळख तिचीच असते.

सुरुवात झाली मामांमुळे. माझं आजोळ नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातलं, मामांची द्राक्षबाग आहे. आधी सगळी थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं होती, मग त्यातल्या थोड्या क्षेत्रावर त्यांनी वाइनरीशी करार करून वाइनची द्राक्षं लावली, पांढऱ्या वाइनचं शेनिन ब्लाँ आणि रेडचं शिराझ. मार्च २०२३ मध्ये मी गेले तेव्हा शिराझचा खुडा चालू होता. अवकाळीचे दिवस होते, आभाळ भरून यायचं, सगळ्यांचं लक्ष वरती. हे मणी खायच्या द्राक्षांपेक्षा बरेच लहान, साल जाड, आत बिया, आणि रस इतका गोड की दोन-चार खाल्ले की पुरे होतं. मामांनी एक मणी चिमटून त्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे रसातली साखर मोजायच्या दुर्बिणीसारख्या नळीच्या, काचेवर टाकला, झाकण लावलं, आभाळाकडे धरला आणि मला बघायला दिला. वर निळं, खाली पांढरं, मधली रेघ साडेतेवीसच्या आसपास. ब्रिक्स हे रसातल्या साखरेचं माप, खायच्या द्राक्षाला सतरा-अठरा ब्रिक्स आलं तरी माल निघतो, इथे वाइनरीवाले साखर तर बघतातच पण आम्लताही तपासतात आणि मग तोडायची तारीख सांगतात.

मी विचारलं, मामा, याची वाइन लागते कशी? मामा म्हणाले, "आम्हाला काय ठाऊक बाई, आम्ही माळकरी. माल गाडीत चढला की पुढचं त्यांचं ते जाणोत." गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी आषाढीला पंढरपूर, त्यामुळे ते चाखणार नाहीत हे उघडच होतं. पण खरड छाटणीपासून खुड्यापर्यंत वर्षभर ज्या मालाची एवढी काळजी घ्यायची त्याचं पुढे काय होतं हे आमच्या अख्ख्या घरात कोणालाच माहीत नाही, हे मला राहून राहून खटकत होतं. पुण्याला परत येताना ठरवलं की हे आपण शिकायचं, आणि नीट शिकायचं.

आधी कागदपत्रं. महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी किमान वय २१ आहे, कडक दारूसाठी २५. आणि आपल्याकडे मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना असतो, हे १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून चालत आलंय. हॉटेलात एक दिवसाचा परवाना फाडतात तो हाच. मी आजीवन परवाना काढला, तेव्हा फी १००० रुपये होती, वर्षाचा हवा असेल तर १००. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करता येतो, फोटो, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा अपलोड करायचा आणि ऑनलाइन पैसे भरायचे. फोटो आणि स्कॅनची साइज ठरवून दिलेल्या मर्यादेत बसली नाही तर फॉर्म पुढे सरकत नाही, त्यामुळे आधीच बारीक करून ठेवा आणि आधारवरचं नाव जसंच्या तसं टाका. काहीजण म्हणतात कोण विचारतंय परवाना. मला तसं नको होतं. घरात चार बाटल्या ठेवायच्या, त्या गाडीतून न्यायच्या-आणायच्या, तर कागद आपल्याकडे असलेला बरा. गोव्यातून बाटल्या आणणाऱ्यांनी तर हे नीट समजून घ्या, तिथे स्वस्त मिळाली म्हणून बिनपरवानगी महाराष्ट्रात आणता येत नाही.

घरी सांगणं हा परवान्यापेक्षा अवघड भाग. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला होता तेव्हा टीव्हीवर जो गदारोळ झाला तो आईच्या अजून लक्षात होता. तिचा प्रश्न सरळ होता, शिकायचं म्हणजे प्यायचंच ना? मी तिला सांगितलं की चाखायचं आणि थुंकायचं, खरंच तसंच असतं, आणि माझ्या मामांची द्राक्षं तिथे जातात त्याचा हा अभ्यास आहे. तिला पटलं असं नाही म्हणणार, पण तिने विरोध केला नाही. नवऱ्याचा पाठिंबा होता, सासूबाईंनी एकच अट घातली, श्रावणात घरात बाटली नको.

आता २०२३ ला नेमका अधिक श्रावण आला होता, म्हणजे जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दोन महिने, आणि लगेच पुढे गणपती. मी तो सगळा वेळ वाचनात घातला आणि आता वाटतं की कोणीही आधी असंच करावं, कारण बाटली उघडायच्या आधी आत काय असतं ते माहीत असेल तर पहिल्या घोटातच कितीतरी जास्त कळतं. थोडक्यात सांगायचं तर यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं, द्राक्षाच्या ब्रिक्सच्या निम्म्याहून थोडं जास्त एवढं टक्के अल्कोहोल होतं, म्हणजे मामांच्या साडेतेवीसचे साधारण तेरा-साडेतेरा टक्के. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस बिनरंगाचाच असतो, रंग सालीत असतो, म्हणून रेड वाइन सालीसकट आंबवतात आणि व्हाइटसाठी रस आधीच वेगळा काढतात. रोझे म्हणजे काळी द्राक्षं, पण सालीचा सहवास थोडाच वेळ. साल आणि बियांमधून येतो तो टॅनिन, म्हणजे हिरड्यांवर बसणारा तुरटपणा. आणि खरी पोर्ट म्हणजे पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली, आंबणं चालू असताना मध्येच द्राक्षाचं स्पिरिट ओतून थांबवतात, म्हणून साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल एकोणीस-वीस टक्क्यांच्या पुढे जातं.

याच काळात नाकाचा सराव सुरू केला, त्याला सोवळं-ओवळं काही आडवं येत नाही! मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या डोळे मिटून ओळखायच्या, लवंग, वेलची, मिरी, दालचिनी. सोपं वाटतं ना, करून बघा, डोळे मिटल्यावर धणे आणि बडीशेपसुद्धा क्षणभर अडवतात. मग मंडईत गेले की लिंबाची साल, मोसंबी, पेरू, पपई, ढोबळी मिरची कापल्यावर येतो तो हिरवा वास, हे सगळं लक्ष देऊन हुंगायचं. पुस्तकात सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या वाणासाठी गूजबेरी लिहिलेलं असतं, ती आपल्याकडे मिळत नाही आणि आवळा म्हणजे ती नव्हे. ब्लॅककरंटचंही तसंच, आइस्क्रीममधून जेवढी ओळख तेवढीच. अशा वेळी घाबरून जायचं नाही, आपल्याला जो वास येतो तो वहीत लिहायचा. माझ्या वहीत आजही ठिकठिकाणी करवंद आणि जांभूळ आहे.

गणपती झाल्यावर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, पहिली खरेदी. दुकानात जायचा संकोच खूप होता, काउंटरवर सगळे पुरुष, मागे रांग. संध्याकाळी जाऊ नका, सकाळी अकरा-बाराला जा, दुकान रिकामं असतं आणि माणूस नीट दाखवतो. अर्ध्या बाटल्या मागा, ३७५ मिलीच्या, सगळ्यांच्या नसतात पण बऱ्याच भारतीय वाइन्सच्या मिळतात. पूर्ण ७५० मिलीची चांगली देशी बाटली मला साधारण ८०० ते १२०० च्या दरम्यान पडत होती. परदेशीच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नका, तेव्हा, २०२३ मध्ये, बहुतेकांवर १५० टक्के आयात शुल्क होतं आणि वर राज्याचे कर, युरोपात साधी समजली जाणारी बाटली इथे अडीच हजाराला बघितलीय मी. बाटली धरताना बाटलीवरची तारीख बघा आणि व्हाइट असेल तर शक्य तेवढी ताजी घ्या, आणि दुकानात उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली महिनोन्‌महिने उभी असलेली नको.

मी एक शेनिन ब्लाँ आणि एक शिराझ आणली, मामांच्या बागेतले तेच दोन वाण. तापमानाचं सांगायलाच हवं. पुस्तकात रेड रूम टेंपरेचरला द्या असं लिहिलेलं असतं, ते तिकडच्या थंड खोल्यांसाठी, पंधरा ते अठरा डिग्री. आपल्या ऑक्टोबर हीटमध्ये बत्तीस डिग्रीला रेड ओतली की नुसतं अल्कोहोल नाकात जातं. वीस-पंचवीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, तीच वाइन एकदम वेगळी लागते. व्हाइट आठ-दहा डिग्रीला, पण फ्रीजमधून काढल्या काढल्या वास कमी येतो, पाच मिनिटं थांबा. ग्लासात फार तर ५० मिली ओता, कारण वर वास फिरायला जागा पाहिजे.

मग क्लास. मी लंडनच्या डब्ल्यूसेटचा, म्हणजे वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्टचा रस्ता धरला. ही संस्था १९६९ सालची, जगभर त्यांचे परवानाधारक केंद्रं आहेत, भारतातही मोठ्या शहरांत वर्ग होतात. लेव्हल वनला काहीही पूर्वज्ञान लागत नाही. एका दिवसाचा वर्ग, शेवटी तीस प्रश्नांची बहुपर्यायी परीक्षा, ४५ मिनिटं, पास व्हायला ७० टक्के. मी पुस्तक, सॅम्पल, परीक्षा सगळं धरून सोळा हजारांच्या आसपास भरले, तुमच्या वेळी वेगळे असतील, विचारताना टॅक्स धरून सांगताय का हे आवर्जून विचारा. दिवाळीनंतरच्या एका शनिवारची तारीख मिळाली. नोंदणी बरीच आधी बंद होते, आयत्या वेळी जाऊन बसता येत नाही, आणि ओळखपत्रावरचं नाव अर्जातल्या नावाशी जुळावं लागतं. लग्नाआधीचं-नंतरचं नाव असा ज्यांचा घोळ आहे त्यांनी हे आधी निस्तरा.

वर्गाच्या आदल्या रात्री मला झोप नीट लागली नव्हती. सगळे इंग्रजी फाडफाड बोलणारे असतील, फ्रेंच नावं उच्चारता येतील त्यांना, असं डोक्यात. प्रत्यक्षात हॉटेल मॅनेजमेंटची पोरं होती, एक डॉक्टर बाई, एक रिटायर्ड बँकवाले काका जे मुलीला भेटायला फ्रान्सला जाणार होते म्हणून आले होते, आणि फ्रेंच उच्चार सगळ्यांचेच डगमगत होते. सूचना आधीच आल्या होत्या, परफ्यूम-अत्तर लावू नका, सकाळी पुदिन्याची टूथपेस्ट वापरून लगेच येऊ नका. त्यात मी भर घालेन, गजराही नको, आणि पोटभर नाश्ता करून जा, पोहे-उपमा असं साधं.

प्रत्येकापुढे ग्लास, पाण्याची बाटली, बिनमिठाची बिस्किटं आणि थुंकायला कागदी कप. थुंकणं हे मला सगळ्यात जड गेलं, चारचौघांत थुंकायचं नाही हेच लहानपणापासून ऐकलेलं. घरी बेसिनपाशी साध्या पाण्याने सराव केला होता त्याचा उपयोग झाला. ओठ बारीक करून एका धारेत टाकायचं आणि कप तोंडाजवळ धरायचा. दुपारपर्यंत कोणालाच त्याचं काही वाटेनासं होतं, आणि न थुंकणारे तीन वाजता पेंगायला लागतात.

चाखायची एक ठरलेली पद्धत शिकवतात. आधी पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून रंग, मग वास, मग तोंडात घेऊन गोडवा, आम्लता, टॅनिन, अल्कोहोल, बॉडी (तोंडात जाणवणारा जडपणा) असं एकेक. आम्लता ओळखायची खूण म्हणजे गिळल्यावर किंवा थुंकल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटतं का, किती वेळ सुटत राहतं. ही रीत म्हणजे जमाखर्चासारखी, रकाने ठरलेले, प्रत्येक नोंद आपल्या जागी, आणि माझ्यासारखीला त्याने फार धीर आला, कारण आता 'आवडली' आणि 'नाही आवडली' याच्या मध्ये लिहायला काहीतरी मिळालं.

सगळ्यात आवडलेला भाग जेवणाबरोबरच्या प्रयोगाचा. एका ताटलीत साखर, मीठ, लिंबाची फोड, तिखट. मीठ किंवा लिंबू चाटून वाइन घेतली की तीच वाइन मऊ आणि जास्त फळाळ लागते, गोड खाऊन घेतली की आंबट आणि कडवट. तिखटानंतर अल्कोहोल जास्त असलेली वाइन तोंडात आग लावते. घरी आल्यावर पुढच्या रविवारी मिसळीबरोबर करून बघितलं, शिराझ घेतल्यावर घशापर्यंत जाळ झाला आणि किंचित गोडसर शेनिन थंडगार असेल तर मजेत जाते. पण खरं सांगू का, मिसळीला ताकच. वाइनला आपल्याकडचं कमी तिखट जेवण छान साथ देतं, कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, तळलेले बोंबील, खारट आणि कुरकुरीत पदार्थांबरोबर स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन, तर अप्रतिम.

परीक्षा पेन्सिलीने गोल रंगवायची होती. तापमानं, वाइनचे प्रकार आणि जेवणाचे नियम एवढं पाठ असलं तर वेळ उरतो. निकाल यायला महिनाभर लागला, डिसेंबर संपता संपता आला, पास झाले.

जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये नाशिकला जाऊन आले, नवरा बरोबर होता, गाडी तो चालवणार आणि तो चाखणार नाही असं आधीच ठरलेलं. तुम्हीही ड्रायव्हर ठरवूनच जा. जायचं तर याच दिवसांत जा, कारण आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्च चालते, तेव्हा क्रेट, प्रेस, टाक्या सगळं चालू बघायला मिळतं. आपल्याकडे थंडी पुरेशी नाही, वेल झोपत नाही, म्हणून शेतकरी दोनदा छाटतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि पीक एकदाच घेतो, म्हणजे फळ पावसाळ्यानंतर कोरड्या थंडीत पिकतं. ही गोष्ट मला मामांमुळे माहीत होती, टूरवाल्या मुलाने सांगितल्यावर बाकीचे पाहुणे चकित झाले.

वाटेत नारायणगाव लागतं. तिथे १९८० च्या दशकात शाम चौगुले यांनी त्यांच्या इंडाज कंपनीची स्पार्कलिंग वाइन सुरू केली, आपल्याकडच्या आधुनिक वाइनची सुरुवात त्या सुमारास झाली. नाशिकमध्ये गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये सुला ही वाइनरी सुरू केली, पहिली वाइन २००० मध्ये आली, आणि २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं. म्हणजे हा सगळा व्यवसाय माझ्या डोळ्यांदेखत मोठा झालाय आणि मी दरवर्षी त्याच रस्त्याने आजोळी जात होते. शनिवार-रविवारी मोठ्या ठिकाणी पिकनिकची गर्दी असते, शिकायला जाणाऱ्याने मधला वार पकडावा आणि इगतपुरी, सांजेगाव, दिंडोरीकडच्या लहान वाइनरींना आधी फोन करून जावं, तिथे माणसं वेळ देऊन बोलतात. एका ठिकाणी टाकीच्या तोटीतून अर्धवट आंबलेला शेनिनचा रस दाखवला, गढूळ, गोड, जिभेवर चुरचुरणारा. तो घोट घेतल्यावर पुस्तकातलं आंबणं मला खरं समजलं.

परतताना मामांकडे थांबले, एक शेनिनची बाटली घेऊन. मामींना आधी फोनवर विचारलं होतं, चालेल का म्हणून, त्या म्हणाल्या ओसरीवर चालेल. मामांनी ग्लास हातात घेतला, चाखणार नव्हतेच, पण नाकाशी धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, "पेरू हाय यात. आणि पपई." माझ्या वहीत मी अननस आणि पेरू लिहिलं होतं. मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली, टाकीत किती दिवस ठेवतात, थंड का करतात, आम्ही पहाटे माल तोडतो त्याचा फरक पडतो का. पडतो, मामा, थंड द्राक्षांमधला वास आणि ताजेपणा टिकतो. रात्री जेवणं होईपर्यंत आम्ही तेच बोलत होतो.

लेव्हल टूची नोंदणी फेब्रुवारीत केली, अडतीस हजारांच्या जवळपास गेले, माझ्या दृष्टीने मोठी रक्कम, बोनसमधून बाजूला काढली होती. वर्ग दोन वीकेंडचे, मे २०२४ मध्ये. पहिला झाला, आणि दुसरा नेमका ११-१२ मेला. पुण्यात लोकसभेचं मतदान १३ मेला, मतदान संपायच्या आधीचे ४८ तास ड्राय, म्हणजे दारू विकायला-द्यायला बंदी. वर्ग पुढे गेला, ४ जूनच्या मतमोजणीच्याही पलीकडे. महिनाभराचा खंड पडला, मला आधी वैताग आला, पण तो अभ्यासाला कारणी लागला. तुम्ही तारखा घेताना कॅलेंडरवर २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट असे ड्राय डे आणि निवडणुका आधी बघून घ्या.

लेव्हल टूमध्ये द्राक्षांचे वाण आणि जगातले प्रदेश. पाठांतर भरपूर. युरोपातल्या लेबलवर बहुतेक वेळा द्राक्षाचं नाव नसतं, गावाचं किंवा प्रदेशाचं असतं, म्हणजे शाब्ली लिहिलं की आत शार्डोने, साँसेर म्हणजे सोव्हिन्याँ ब्लाँ, बारोलो म्हणजे नेबियोलो, रियोहा म्हणजे मुख्यतः टेंप्रानियो. मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर फ्रान्स-इटलीचे हाताने काढलेले नकाशे लावले होते आणि पोळ्या लाटताना म्हणत बसायचे. नदी, डोंगर, समुद्र आधी काढा, मग प्रदेश, म्हणजे कुठे थंड आणि कुठे ऊन हे आपोआप लक्षात राहतं, आणि तेवढ्यावरून वाइन आंबट असेल की भारदस्त याचा अंदाज येतो. आमच्या अभ्यासक्रमात नाशिक नव्हतं, हे मला लागलं, पण शिकलेलं प्रत्येक तत्त्व मी मामांच्या बागेला लावून बघायचे. फायलोक्सेरा नावाच्या किडीने एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बागा खाल्ल्या आणि शेवटी अमेरिकन खुंटावर कलम करून त्या वाचल्या, हे वाचलं आणि मामांना फोन केला. ते म्हणाले, अगं आपल्याकडे डॉगरीज खुंटावरच भरतात की कलमं! आपल्याकडे ते पाणीटंचाई आणि खारवट जमिनीसाठी, पण खुंट तोही मुळचा अमेरिकेचाच.

परीक्षा जूनच्या मध्यात झाली. पन्नास प्रश्न, एक तास, पास व्हायला ५५ टक्के, चाखायची परीक्षा या लेव्हलला नसते. प्रश्न फसवे नाहीत पण दोन पर्याय जवळचे असतात, 'नेहमी' आणि 'साधारणपणे' असे शब्द नीट वाचा. निकाल ऑगस्टमध्ये आला, सर्टिफिकेट आणि कोटाला लावायची छोटी पिन. आईने पिन हातात घेऊन बघितली आणि देवापाशी ठेवायची का विचारलं, मग आम्ही दोघींनी मिळून ती कपाटात ठेवली.

एक गोष्ट स्पष्ट लिहायलाच हवी. वाइन हे अल्कोहोलच आहे. ती हृदयाला चांगली वगैरे ऐकून कोणी सुरू करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सरळ सांगितलंय की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. घरात कोणाला व्यसनाचा त्रास असेल, गरोदरपण असेल, औषधं चालू असतील तर हा अभ्यास वाचनापुरता ठेवा, तेवढ्यातही भरपूर आनंद आहे. मी स्वतः सरावाच्या वेळी थुंकते आणि जेवणाबरोबर घेतली तर एक ग्लास.

लेव्हल थ्री सध्या नाही. त्यात लेखी उत्तरं आणि दोन वाइन नाव न सांगता चाखून वर्णन लिहायचं असतं, खर्चही बराच वाढतो आणि मुलगी दहावीला आहे. त्याऐवजी वर्गातल्या काही जणांचा आमचा गट झालाय, महिन्यातून एकदा भेटतो, दोन-तीन बाटल्या नाव दिसू नये म्हणून फॉइलमध्ये गुंडाळून, कोणाला ५० मिलीपेक्षा जास्त नाही, माणशी चार-पाचशे रुपये पडतात. ज्यांना क्लासचे पैसे घालायचे नाहीत त्यांनी एवढं जरी केलं तरी वर्षभरात खूप कळेल. पहिल्या महिन्यात एकाच वर्षाच्या दोन वेगवेगळ्या वाइनरींच्या शेनिन घ्या, दुसऱ्या महिन्यात एक सोव्हिन्याँ ब्लाँ आणि एक शेनिन, तिसऱ्या महिन्यात एक लाकडी पिंपातली शिराझ आणि एक बिनपिंपातली. शेजारी शेजारी ठेवून चाखल्याशिवाय फरक कळत नाही. उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा, रेडसुद्धा, दोन-तीन दिवस टिकते, आणि त्यानंतर मटणाच्या रश्श्यात घाला. वही मात्र पहिल्या दिवसापासून घाला, तारीख, वाण, वर्ष, किंमत आणि आलेला पहिला वास, बाकी कोणी काय म्हणतंय ते ऐकायच्या आधी.